पुण्याएवढा देश, पण घर मिळेना

तुम्ही विचारलंय, डब्लिनची ऑफर आली आहे, सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी. आयर्लंडची लोकसंख्या एवढीशी, मग घर, शाळा सगळं निवांत मिळत असेल ना? आणि आपली माणसं कितपत आहेत?

'निवांत' आधी डोक्यातून काढा. मीही हाच हिशेब करून आलो होतो.

आकडा छोटा आहे, खोटं नाही. ३ एप्रिल २०२२ च्या जनगणनेत अख्खा देश ५१ लाख ४९ हजार भरला. २०११ साली आपलं पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळूनच साडेअठ्ठेचाळीस लाखांवर होतं. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून थोडं कमी. डब्लिनबाहेर गाडी काढली की तासन् तास मेंढ्या आणि हिरवळ.

पण हा आकडा कुठून कुठे आला ते बघा. १८४१ साली याच हद्दीत ६५ लाख माणसं राहत होती. मग बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला. सगळ्या बेटावर (उत्तर आयर्लंड धरून) मिळून दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, साधारण तितकीच बोटीत बसून गेली, आणि नंतरही लोक जातच राहिले. १९६१ मध्ये उरले २८ लाख. आमच्या शेजारच्या आजी सात भावंडांतल्या. पाच जण इंग्लंड-अमेरिकेला गेले, त्यातला एक परत आला तोही पेन्शनीत. १८५१ नंतर हा देश पन्नास लाखांच्या वर गेला तो थेट २०२२ ला. २०१६ ते २०२२ मधली निम्म्याहून जास्त वाढ बाहेरून आलेल्यांची, म्हणजे तुमची-आमची. आता तर आकडा त्रेपन्न लाखांच्याही पुढे गेलाय.

माणसं वाढली, घरं वाढली नाहीत. २००८ च्या मंदीत इथलं बांधकाम जे बसलं ते बरीच वर्षं उठलंच नाही. अठरा वर्षांवरची सव्वापाच लाखांच्या आसपास मुलंमुली अजून आईवडिलांकडेच राहतात, आणि ती काही आपल्यासारखी हौसेने नव्हे.

डब्लिनच्या लुकन या उपनगरातलं आमचं पहिलं व्ह्यूइंग, म्हणजे भाड्याचं घर बघायला जाणं, सांगतो. शनिवार सकाळ, दोन बेडरूमचं घर, रांग कोपऱ्यावरून वळलेली. प्रत्येकाच्या हातात फाइल: पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र, आधीच्या घरमालकाचं पत्र. ते तिसरं आमच्याकडे नव्हतं. एजंटने कागद चाळले, हसून 'कळवतो' म्हणाला, ते अजून कळवतोय. त्याच रात्री कोथरूडच्या आमच्या जुन्या मालकांना फोन केला: काका, चार ओळी इंग्रजीत लिहून द्या, भाडं वेळेवर दिलं, भिंतीला खिळे ठोकले नाहीत. खिळे ठोकले होते, पण काकांनी लिहून दिलं.

डब्लिनचे आकडे वाचताना एक गोंधळ होतो. खुद्द डब्लिन महापालिकेची हद्द ५ लाख ९२ हजारांची. उपनगरं धरली की साडेबारा लाखांवर, आणि चारही महापालिका मिळून पूर्ण काउंटी साडेचौदा लाखांची. म्हणजे देशातल्या दर चार माणसांतलं एक, किंबहुना जरा जास्तच, इथे. कॉर्क दुसऱ्या नंबरचं शहर, ते सव्वादोन लाखांचं, लिमरिक लाखभराचं. तुमच्या कंपनीचं तिथे ऑफिस असेल तर विचारून बघा. घरं तिथेही सहज मिळत नाहीत, पण ऑफिसला जायला दीड तास लागत नाही.

आपली माणसं: २०२२ मध्ये भारतीय नागरिक ४५ हजारांवर होते. आयरिश पासपोर्ट घेतलेले त्यात नाहीत, त्यामुळे खरा आकडा मोठा. हॉस्पिटलात गेलात तर मल्याळी नर्स हमखास भेटेल. लुकन, अॅडम्सटाउन, ब्लँचर्ड्सटाउनकडे आयटीवाले, आणि कढीपत्ताही तिथेच. माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' ऐकलं की लोक हमखास लिओ वराडकरांचं विचारतात. दोनदा पंतप्रधान झालेल्या या माणसाचे वडील मालवणजवळच्या वराडचे, त्यामुळे माझं गाव कोकणात नाही हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं.

शाळेचं मात्र आत्ताच बघा. बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक व्यवस्थापनाच्या आहेत. पूर्वी जागा कमी पडल्या की बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी घ्यायचे, ते २०१८ पासून बंद झालं, त्यामुळे धर्माची काळजी नको. काळजी जागांची: नव्या उपनगरांत तरुण कुटुंबं खच्चून भरली आहेत, आणि पुढच्या सप्टेंबरचे अर्ज बऱ्याच शाळा आदल्या वर्षाअखेरीसच घ्यायला लागतात.

कंपनी दोन आठवड्यांचं हॉटेल देत असेल तर सही करण्याआधी सहा मागा. आणि घरमालकांशी आत्तापासून गोड बोला, चिठ्ठी लागणार आहे.