पाती फिरतात, दिवा का लागत नाही?

प्रश्न : आमचा ९ वर्षांचा मुलगा मलावी या आफ्रिकेतल्या देशात पवनचक्की उभारणाऱ्या विल्यम कामक्वाम्बाचं चित्रपुस्तक वाचून पवनचक्कीच्या नादी लागलाय. खेळण्यातल्या मोटरच्या दांड्यावर पुठ्ठ्याची पाती बसवून टेबलफॅनसमोर धरली. पाती गरागरा फिरतात, पण एलईडी लागत नाही. पाती बदलून झाली, आता रुसून बसलाय. ‘विल्यमने जिद्द सोडली नाही’ हे सांगून उपयोग नाही. चुकतंय कुठे?

उत्तर : जिद्दीचा प्रश्नच नाही, फेरे कमी पडताहेत. मोटर बाहेरून फिरवली की ती वीज देते, पण जितके फेरे तितकेच व्होल्ट. ३ व्होल्टची ती मोटर मिनिटाला हजारो फेऱ्यांसाठी बनवलेली असते. थेट बसवलेली पाती काहीशे फेरे घेतात, त्यातून व्होल्टचे एक-दोन दशांशच निघतात. लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास.

विल्यमच्या पवनचक्कीतही खरी करामत सायकलीची होती. २००१-०२च्या दुष्काळात फीअभावी त्याची शाळा सुटली, तेव्हा ग्रंथालयातल्या पुस्तकातली चित्रं बघून त्याने ती जुळवली. ट्रॅक्टरचा पंखा, त्याला पीव्हीसी पाइपची पाती. पंख्याने पायडलकडचं दातेरी चाक फिरायचं, साखळीने मागचं चाक आणि टायरला घासून डायनामो, म्हणजे सायकलच्या दिव्याची वीज करणारं छोटं यंत्र. एवढ्या मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात डायनामोची इवलीशी चकती तीसेक फेरे घेते. हा भाग मुलाला घरच्या सायकलवर दाखवा, निम्मा रुसवा तिथेच जाईल.

तुम्ही रोबोटिक्सच्या किटमधली पिवळी गिअर मोटर घ्या. आतली दातेरी चाकं १:४८ची असतात, म्हणजे पात्यांच्या १ फेऱ्याला मोटरचे ४८. आधी पाती न लावता दांडा बोटांनी जोरात फिरवा. एलईडी लुकलुकला नाही तर त्याचे पाय उलटे जोडा. तरीही नाही, तर जोडणी सैल आहे. हातानं लागतो पण वाऱ्यावर नाही, तर दोष पात्यांचा.

ही मोटर फिरायला जड असते, त्यामुळे तीन नाजूक पाती जागची हलणार नाहीत. सहा लावा, प्रत्येक २० सेंमी लांब, ३०-४० अंश तिरकी. पुठ्ठा वाऱ्याने वाकतो. प्लास्टिकच्या बाटलीचे उभे काप चांगले, त्यांना बाक आयताच असतो. विल्यमने पाइप आगीवर तापवून सपाट केला होता. घरी ते नको, पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

एका वेळी एकच बदल करू द्या, आधी कोन, मग लांबी. दर वेळी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) २० व्होल्ट डीसीवर ठेवून आकडा वहीत लिहायला लावा. एलईडीच्या एका तारेत मध्येच १०० ओमचा रेझिस्टर (विजेचा प्रवाह आवरणारा भाग) हवाच, नाहीतर पंखा जोरात लावला की दिवा जळायचा.