‘आपलाच पोरगा हाय की’ म्हटलं की मानधन गेलं!

यावेळची पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज काढून बसलो तर निम्मे गाणाऱ्यांचे, निम्मे चित्र काढणाऱ्यांचे, आणि सगळ्यांच्या तक्रारीच्या मुळाशी एकच वाक्य, जे मी शीर्षकात टाकलंय. सगळी उत्तरं इथं मावणार नाहीत, ज्यांची राहिली त्यांनी रागावू नका.

खानापूरहून एक चित्रकार: काका, मी ऑर्डरवर पोर्ट्रेट काढतो. गेल्या वर्षी एका घरच्या आजोबांचं ऑइलमध्ये काढून दिलं, साडेआठ हजार ठरलेले, हातात सात पडले, आपलाच पोरगा हाय की म्हणून. आता त्यांनी तेच चित्र दुकानाच्या कॅलेंडरवर छापलंय, खालची माझी सही कापून. मला विचारलं पण न्हाई ओ. कायद्यानं काय करता येतंय काय?

बाळा, आधी कडू गोळी. आपल्याला वाटतं चित्र मी काढलं म्हणजे हक्क माझा, आणि मनानं काढलेल्या चित्राला ते बरोबरही आहे. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ मध्ये साफ लिहिलंय की पैसे देऊन कुणी फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसलं तर पहिला मालक ऑर्डर देणारा. म्हणजे कॅलेंडर छापलं यावर तुला फारसं भांडता येणार नाही. (दीड हजार कमी दिले ते मात्र उधारीच, ती मागायला कसली लाज?)

पण सही कापली ना, तिथं तुझी बाजू आहे. त्याच कायद्याचं कलम ५७ म्हणतं की हक्क विकला असला तरी ‘हे माझं काम’ असं सांगायचा अधिकार कलाकाराकडंच राहतो, आणि कामाची मोडतोड करून त्याचं नाव खराब होत असेल तर तो अडवू शकतो. लगेच वकिलाकडं पळू नकोस. गोड भाषेत एक पत्र लिही, सोबत मूळ चित्राचा सहीसकट फोटो लाव आणि पुढच्या छपाईत चित्रकाराचं नाव घाला म्हणून माग. आपल्याकडं निम्मी माणसं वाईट नसतात, त्यांना फक्त माहीतच नसतं.

आणि इथून पुढं ब्रश हातात घ्यायच्या आधी चार ओळी लिहून घे: साइज, रक्कम, ॲडव्हान्स निम्मा, चित्र भिंतीवर लावायला दिलंय, छापायचं असेल तर वेगळे पैसे, कॉपीराइट चित्रकाराचा. दोघांच्या सह्या झाल्या की झालं. सह्यांची लाज वाटत असेल तर निदान व्हॉट्सॲपवर हेच टाकून समोरच्याकडून ‘बरोबर आहे’ असं लिहून घे, पुरावा राहतो. मी स्वतः हे शिकायला फार वर्षं घालवली. शिवजयंतीच्या चित्ररथाचा मागचा पडदा चार रात्री जागून रंगवला, अख्खी गल्ली खूश, मिरवणूक संपता संपता पहाट झाली आणि मला मिळाला एक शाल-श्रीफळ. नारळ पण फोडल्यावर नासका निघाला, खोटं सांगत नाही.

एक सांगतो, वाईट वाटून घेऊन पोर्ट्रेट सोडू नकोस. आपलं बेळगाव त्याच कामाचं आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांनी इथं बसून पिढ्या घडवल्या, चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखालचे.

वडगावचा एक रॅपर: मी आन् माझा दोस्त मिळून बेळगावी भाषेत गाणी करतो, मधे मधे कन्नड पण येतंय. शब्द माझे, बीट त्याची. स्पॉटिफायवर टाकलं, ७०० वेळा ऐकलं लोकांनी, पैसे शून्य. दोस्त म्हणतंय सगळ्यांना रात्रभर लूपवर लावायला सांगू. करू काय?

अजिबात करू नको! २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा की एखादं गाणं मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा तरी ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसे मोजतच नाहीत, म्हणून तुझे ७०० हवेत गेले. आणि लूपवर लावून आकडा फुगवला तर ते खोटं स्ट्रीम म्हणून पकडलं जातं, मग गाणंच उडतं, वर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तुझं गाणं स्पॉटिफायवर चढवून देणारी कंपनी, तुझ्यावर डाफरतो ते वेगळं. हजार झाले तरी चहा-मिसळीपुरतेच मिळतील, हे धरूनच चाल. पैसा तिथं नाही, तिथं ओळख आहे.

त्यापेक्षा घरातलं आवर. एका गाण्यात हक्क तीन असतात: शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. आज दोस्ती आहे म्हणून कोण काय बोलत नाही, उद्या कुठल्यातरी जाहिरातवाल्यानं गाणं मागितलं की मग बघ गंमत. आजच एका कागदावर लिहा की शब्द कुणाचे, बीट कुणाची, रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला आणि येणारा पैसा कसा वाटायचा. प्रत्येक रेकॉर्डिंगला त्याची ओळख पटवणारा बारा अक्षरी आयएसआरसी कोड लागतो, तो बहुतेक डिस्ट्रिब्युटरच देतात, पण लिहून ठेवा, डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच कोड पुढं वापरायचा म्हणजे जुने आकडे हरवत नाहीत. आणि दोघंही आयपीआरएसचे मेंबर व्हा, गीतकार आणि संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी ती संस्था आहे. डिस्ट्रिब्युटर घेताना एवढंच विचारा: वर्षाची फी भरायची थांबवली तर गाणं राहतंय की उतरतंय? हा प्रश्न आधी कुणीच विचारत नाही.

कन्नड मधे येतंय म्हणून लाजू नको. आपण बाजारात तसंच बोलतो की.

टिळकवाडीतून एक ताई: पावसाळ्यात माझ्या वॉटरकलरच्या फ्रेममध्ये दरवर्षी बुरशी धरते. लॅमिनेट करू का?

नको नको. लॅमिनेट केलं की ओल आतच अडकते आणि चित्र कायमचं गेलं. काच कागदाला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला. फ्रेमच्या मागच्या चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि फ्रेममधे हवा फिरेल. बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर तर लावूच नका, आपल्याकडच्या पावसात ती ओलीच असते. धरलेली बुरशी ओल्या फडक्यानं पुसली तर पसरते, आधी सावलीत वाळवा, मग घराबाहेर नेऊन मऊ कोरड्या ब्रशनं झाडा, तोंडाला रुमाल बांधून.

निपाणीचे एक भजनी बुवा: तुकोबांचा अभंग म्हणून यूट्यूबला टाकला तर ‘हे गाणं आमचं’ असा दुसऱ्याच कंपनीचा क्लेम आला. तुकोबा काय त्यांचे झाले काय?

बुवा, हसू आलं, पण प्रश्न बरोबर आहे. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. पण तुम्ही चाल कुठली धरली? वारकऱ्यांची परंपरागत चाल असेल तर क्लेमला डिस्प्यूट टाका, म्हणजे यूट्यूबवरच हरकत नोंदवा. एखाद्या संगीतकारानं बांधलेली, रेकॉर्डमुळं घरोघरी गेलेली चाल असेल तर ती त्या माणसाची आहे, आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं तशीच राहते. यूट्यूबची सिस्टीम शब्द बघत नाही, सूर जुळले की धरते. स्वतःची चाल बांधा की बुवा, एवढी वर्षं पेटी वाजवताय.

शहापूरच्या तिघी मैत्रिणी: आम्हाला आमच्या स्वतःच्या गाण्यांची बैठक करायचीय, भिंतीवर आमच्याच एका मैत्रिणीची चित्रं. तिकीट ठेवलं तर कोण येईल? आणि कानडी लोक येतील का?

येतील. कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घरात कानडी, आणि त्यांची मराठी नाट्यगीतं ऐकायला कुणी भाषा विचारली नाही. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, त्यांचे गुरू नीलकंठबुवा मिरजेचे. ऐकणारा कान या भागात पूर्वीपासून दोन्हीकडचा आहे. पोस्टर दोन्ही भाषांत करा आणि कन्नड मजकूर कन्नड येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, मशीनवरून भाषांतर करून छापलं की हसं होतं.

जागा म्हणाल तर वरेरकर नाट्य संघात के. बी. कुलकर्णी सरांच्या नावाचं कलादालन आहे, चित्रं असल्यामुळं तिथं आधी चौकशी करा. साउंड उघड्यावर लावणार असाल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, म्हणून साडेसहाला सुरू करा, ‘मानवी उशीर’ धरून सात. तिकीट शंभर ठेवा, पण ठेवाच. फुकट ठेवलं की लोक मधेच उठून जातात, शंभर भरलेला माणूस शेवटपर्यंत बसतो. चित्रांखाली किंमत लिहा, विचारायला लोकांना संकोच वाटतो.

आणि पहिल्या रांगेच्या खुर्च्या राखीव ठेवू नका, तिथं सगळे ‘आपलेच’ येऊन फुकट बसतात.