सातपुड्यातल्या तोरणमाळ पठारावरचं घड्याळ खालच्या नंदुरबारपेक्षा पुढे पळतं का? पृथ्वीच्या फिरण्याने फरक पडतो का?

हो, वरचं घड्याळ पुढे पळतं; पण दर १००० मीटर उंचीला दिवसाकाठी जेमतेम ९ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). तोरणमाळचा सातपायरी घाट चढून गेलात तरी मनगटावरच्या घड्याळाला पत्ता लागणार नाही. आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानुसार, म्हणजे व्यापक सापेक्षतेनुसार, पृथ्वीच्या जवळ काळ संथ चालतो; २०१० मध्ये अमेरिकेत अणुघड्याळांनी ३३ सेंटिमीटरच्या उंचीफरकाचाही परिणाम मोजला. फिरण्याची गंमत वेगळीच. वेगामुळे विषुववृत्तावरचं घड्याळ ध्रुवापेक्षा मागे पडायला हवं, पण त्याच फिरण्याने पृथ्वी तिथे फुगली आहे, त्यामुळे ते केंद्रापासून लांबही आहे. दोन्ही परिणामांची फिट्टंफाट! मात्र ही वजाबाकी समुद्रसपाटीपुरतीच. जीपीएस उपग्रहांवर रोज ३८ मायक्रोसेकंदांची (सेकंदाच्या दशलक्षांशांची) दुरुस्ती लागतेच.