बँडसाठी नोकरी सोडण्याआधी ती पॉलिसी उघडून वाचा

वाचकाचं पत्र : मी पुण्याचा, वय 32. 2016 मध्ये चौघांचा प्रयोगशील रॉक बँड सुरू केला. गाणी मीच रचतो. आयटीतल्या नोकरीचे हातात 65 हजार येतात, एफडी 9 लाखांची आहे. त्यातले 5 लाख अल्बमला घालून नोकरी सोडावी म्हणतो. अमेरिकन रॉक संगीतकार आणि ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीसारखं स्वतःच्या अटींवर जगायचंय. गेल्या वर्षी 14 कार्यक्रमांचे साडेतीन लाख आले, खर्च पावणेदोन. स्ट्रीमिंगवर 2 लाख प्ले झाले, 16 हजार मिळाले. घरी मी आणि आई (61, मधुमेह), महिन्याचा खर्च 35 हजार. आई कंपनीच्या आरोग्य विम्यात आहे. आयुर्विम्याचीही काळजी नाही. बँकेतून घेतलेली पॉलिसी आहे : दीड लाखाचा वार्षिक हप्ता 15 वर्षं, विमा रक्कम 15 लाख, विसाव्या वर्षी 38 लाख. तीन हप्ते भरले, चौथा नोव्हेंबरात. अल्बमचा खर्च कधी वसूल होईल?

उत्तर : होणार नाही. कार्यक्रमांतून तुमच्या वाट्याला वर्षाचे जेमतेम 44 हजार आले. एका प्लेला 8 पैसे, म्हणजे 10 लाख प्ले झाले तरी 80 हजार, तेही चौघांत. अल्बम जरूर करा, पण ते पैसे गेले असं धरून करा.

माझी झोप उडवली ती ‘काळजी नाही’ या शब्दांनी. साडेबावीस लाख भरून 38 मिळणार, हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात परतावा जेमतेम 4 टक्के, म्हणजे बँकेतल्या एफडीहून कमी. आणि तुमचं काही बरंवाईट झालं तर 15 लाखांत आईचं घर साडेतीन वर्षं चालेल. पुढे काय? 1 कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा विमा, तुमच्या वयाला वर्षाला साधारण 12-15 हजारांत मिळतो. कमाईचा भरवसा नसलेल्या कलावंताच्या गळ्यात 15 वर्षांचा ठरीव हप्ता बांधणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता नोकरी सोडल्यानंतरचं चित्र. अल्बमनंतर उरतील 4 लाख. घरखर्च 4 लाख 20 हजार, वर हप्ता दीड लाख. साडेआठ महिन्यांत तळ दिसेल. हप्ता नसेल तर साडेअकरा महिने निघतील.

राजीनाम्याबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जातो. नव्या पॉलिसीत मधुमेहासारख्या आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरीत असतानाच, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत दोघांना हलवता येईल का, हे एचआरकडे विचारा. तसं झालं तर आधीचा प्रतीक्षाकाळ जमेस धरतात. आईचा वर्षाचा हप्ता तीस-चाळीस हजार धरून चाला.

अल्बिनींचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून त्यांचाच हिशोब सांगतो. 1981 मध्ये इलिनॉयमध्ये त्यांनी बिग ब्लॅक हा बँड सुरू केला आणि त्या काळात फोटो रिटचिंगची नोकरी केली. पुढे पोट भरलं ते इतरांची ध्वनिमुद्रणं करून. निर्व्हाना या गाजलेल्या बँडच्या 1993 च्या अल्बमवर रॉयल्टी नाकारून त्यांनी ठरलेली फी घेतली. त्यांचा पुढचा बँड शेलॅक तीस वर्षं चालला, कारण घरभाडं भरायची जबाबदारी त्या बँडवर कधीच नव्हती. त्यांच्या अटी टिकल्या त्या यामुळे. तुम्ही मात्र नेमकं तेच ओझं बँडवर टाकायला निघाला आहात.

नोकरी निदान दीड-दोन वर्षं ठेवा. अल्बम 3 लाखांत बसवा, मिक्सिंगवर हात आखडू नका. कोणत्या गाण्यात कुणाचा किती वाटा, हे चौघांच्या सह्यांनी लिहून ठेवा आणि गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्या.

पॉलिसी लगेच मोडू नका. आधी टर्म विमा हातात पडू द्या. मग विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे परत घेतले, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर शेवटी किती. पेड-अपमध्ये विमा रक्कम 15 वरून साधारण 3 लाखांवर येईल, पण पुढचे हप्ते थांबतील. दोन्ही आकडे मला पाठवा, नोव्हेंबरचा हप्ता खात्यातून कापला जाण्याआधी.