वाचकांचे प्रश्न : फास्ट वाजवणारा भारी की फीलवाला?

प्रश्न : नमस्कार दादा, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चार वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय, रोज मेट्रोनोम लावून स्केल्स घासतो त्यामुळे स्पीड चांगला आहे. आमच्या बँडमधे नेहमी वाद होतो, बेस वाजवणारा म्हणतो पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर सगळ्यात ग्रेट, मी म्हणतो तो स्लो वाजवतो, सहा महिने शिकलेला पोरगा पण ते वाजवेल. म्हणून गॅदरिंगला मी त्यांच्याच 'कम्फर्टेबली नम' गाण्याचा शेवटचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, वाजवला. एकही नोट चुकली नाही, नंतर व्हिडिओ बघून खात्री केली, पण समोर कुणाला काही झालंच नाही, पोरं मोबाईल बघत होती. हे फील फील म्हणतात ते नक्की काय असतं आणि ते शिकता येतं का?

उत्तर : मित्रा, येतं, आणि स्पीडला दिलेस तेवढेच तास त्याला पण द्यावे लागतात. फील म्हणजे देवाची देणगी, असली तर असते नाहीतर नसते, हे बोलणं मला अजिबात पटत नाही. फील हे पण टेक्निकच आहे, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळतं, आणि तू चेक केलंस ते व्हिडिओ बघून.

एकही नोट चुकली नाही म्हणजे बोट बरोबर फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या पडद्यावर, पडलं. पण त्या सोलोतले जीव असलेले सूर फ्रेटवर नाहीतच, ते तार ओढून गाठलेले आहेत. सोलो बी मायनरमधे आहे ना, मग आता गिटार घे आणि हे करून बघ. दुसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटवर बी वाजव, नीट ऐक, कानात बसू दे. मग त्याच तारेवर दहावा फ्रेट, तिथे ए आहे, तो ओढून त्याच बी पर्यंत ने आणि थांब. पोचला का बरोबर? बहुतेकांचा किंचित खाली राहतो, आणि स्टेजवर हात गार पडले की अजूनच खाली. गवयाचा षड्ज जरासा उतरला तर समोरच्याला कारण सांगता येत नाही पण त्याचं मन उठतं, तसंच होतं हे. मी विसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं वाजवणं टेपवर ऐकलं तेव्हा माझा जवळजवळ प्रत्येक बेंड, म्हणजे तार ओढून गाठलेला सूर, उतरलेला होता, त्यानंतर सहा महिने मी दुसरं काही केलं नाही, फक्त हेच, रोज अर्धा तास.

आणि बोटाने ढकलू नकोस. तिसरं बोट तारेवर, पहिली दोन त्याच्या मागे आधाराला, अंगठा नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांडीच्या, वरून आलेला, आणि जोर मनगटाचा, कुलपात किल्ली फिरवतो तसं मनगट फिरतं. सूर गाठला की मग व्हायब्रेटो, म्हणजे तो सूर थोडा सोडायचा, परत गाठायचा, सोडायचा, गाठायचा, एका लयीत, आणि दर वेळी परत तिथेच यायचं. आपल्याकडे सतारीवर एकाच पडद्यावर तार ओढून मींड काढतात, ती ऐकत मोठे झालेल्या कानाला हे समजायला खरंतर सोपं जायला पाहिजे.

दुसरी गोष्ट श्वासाची. बी. बी. किंग ऐक, गिल्मर ज्या ब्लूजमधून, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून, आला तिथलाच हा मोठा माणूस. त्याला त्याच्या नात्यातला बुका व्हाइट स्लाइडवर, म्हणजे तारेवरून काचेची किंवा धातूची नळी सरकवून, काढायचा तसा आवाज पाहिजे होता, स्लाइड काही त्याला जमली नाही, म्हणून त्याने नुसत्या डाव्या हाताने तार थरथरवून तो आवाज शोधला, आणि तो थरथरता सूर पुढे जगभर त्याची ओळख झाला. १९६९चं 'द थ्रिल इज गॉन' लाव. तो गाताना गिटार गप्प, गिटार बोलताना तो गप्प. गाणाऱ्याला श्वास घ्यायला थांबावंच लागतं पण गिटारला श्वास लागत नाही, तिथेच आपण फसतो, हात चालू आहे तर चालूच राहतो. तू असं कर, सोलो तोंडाने गात गात वाजव, अगदी बेसूर असलास तरी. जिथे दम संपेल तिथे हात उचल. एका आठवड्यात तुझं तुलाच कळेल किती नोटा उगाच होत्या.

आणि गिल्मरचं स्लो वाजवणं सोपं म्हणतोस तर त्याने तो सोलो कसा केला तेही बघ. 'द वॉल' १९७९चा अल्बम. त्याने स्वतः सांगितलंय की आधी पाच-सहा वेगवेगळे सोलो रेकॉर्ड केले, मग सगळे ऐकून, कागदावर खुणा करून, कुठल्या रेकॉर्डिंगमधला कुठला तुकडा चांगला ते ठरवलं आणि त्या तुकड्यांचा एक सोलो जोडला. म्हणजे आपल्याला मनातून सरळ हातात आलेलं वाटतं त्याच्यात हे एवढं टाकून देणं आहे.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, दिवसभर दोन्ही हातांनी नेकवर टॅपिंग करत असतो, म्हणजे बोटांनी तारा ठोकत वाजवतो, त्याला रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हॅलनचं वेड आहे. त्याचे सर म्हणतात ही नुसती सर्कस, याने संगीत येत नाही, बंद करा. मला गिटारमधलं काही कळत नाही, पण तो मनापासून करतो हे दिसतं. काय करू? (पुणे)

उत्तर : ताई, बंद करू नका, प्लीज. सरांचा मान ठेवून सांगतो, व्हॅन हॅलनला सर्कस म्हणणं हे त्याला अर्धवट ऐकल्यासारखं आहे. १९७८च्या पहिल्या अल्बममधलं 'इरप्शन' पावणेदोन मिनिटांचं सुद्धा नाही आणि त्याने गिटार वाजवणाऱ्यांची एक अख्खी पिढी बदलली, हे खरं. पण हा माणूस लहानपणी पियानो शिकला, मग ड्रम, आणि भाऊ ॲलेक्स ड्रम जास्त चांगले वाजवायला लागला म्हणून हा गिटारकडे आला. ते ड्रम त्याच्या उजव्या हातात कायम राहिले. मुलाला सांगा, आठवडाभर सोलो सोडून दे आणि त्याच अल्बममधे गाणं चालू असताना खाली गिटार काय करते तेवढंच ऐक, ती झुलते अक्षरशः.

मायकेल जॅक्सनच्या 'बीट इट'मधला सोलो याचाच, १९८२चा, त्याचे पैसे सुद्धा घेतले नाहीत त्याने. सोलोच्या खाली जे वाजत होतं त्यावर त्याला वाजवायचं नव्हतं, म्हणून त्याने आधी गाण्याचा तो भागच बदलून घेतला आणि मग वाजवला. नुसता स्पीड दाखवायचा असता तर खाली काय चाललंय याच्याशी त्याला काय करायचं होतं? फास्ट वाजवण्यासाठी प्रसिद्ध गिटारिस्ट इंग्वे माल्मस्टीनचं पण तेच, सगळे त्याच्या वेगावर बोलतात, पण तो एका सुरावर थांबतो तेव्हाचा व्हायब्रेटो ऐका, इतका रुंद आणि तरी सुरात, फार कमी लोकांना जमतो. मला स्वतःला कुणी निवडायला लावलं तर मी गिल्मर निवडेन, पण म्हणून बाकीच्यांना खोटं का ठरवायचं?

मुलाला एवढंच विचारा की ज्या गाण्यात टॅपिंग करतोस ते गाणं मला टाळी देत म्हणून दाखव. म्हणता आलं तर तो बरोबर रस्त्यावर आहे.

प्रश्न : माझी गिटार साधी आहे, आठ हजाराची, टोन येत नाही. पैसे साठवून चांगली घेईपर्यंत थांबू का? (म्हापसा)

उत्तर : थांबू नकोस रे. गिल्मरची काळी स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) २०१९ला न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, पण १९७०मधे त्याने ती न्यूयॉर्कमधल्या दुकानातूनच घेतली होती, इतर कुणीही घेईल तशी.

आणि ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी माहितीये ना? बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनमधे उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे हीच बोटं त्याची तारेवर पडायची. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली, आगीत जखमी झाल्यावर दोन बोटांवर सोलो वाजवणारा तो माणूस. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, बँजोच्या पातळ तारा चढवल्या, पुढे तारा उतरवून ढिल्या पण केल्या. हेवी मेटलचा तो जड, काळा आवाज यातून आला.

तर तू आत्ता एवढं कर, नऊ नंबरच्या, म्हणजे पातळ, नवीन तारा टाक, जवळच्या दुकानात गिटारचं सेटअप करून घे, तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर खाली आणून घे. बेंड करताना नोट मधेच मरत असेल तर तेही दुकानदाराला वाजवून दाखव, बऱ्याच वेळा एखादा फ्रेट घासला की काम होतं.