कॉन्सेप्ट एसयूव्ही स्टेजवर एवढी भारी दिसते, मग शोरूममध्ये येईपर्यंत मधे काय होतं?

तुम्ही विचारलंय की शोमधली कॉन्सेप्ट, म्हणजे कंपनीने नुसती दाखवायला बनवलेली छोटी एसयूव्ही, परग्रहावरून आल्यासारखी दिसते आणि विकायला आली की साधीच वाटते, मधे माती कोण खातं. गुहागरला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, त्यामुळे मी पत्र्याच्या बाजूने सांगतो.

टाटा पंच घ्या. 2019 ला जिनिव्हाच्या मोटर शोत एचटूएक्स नावाने कॉन्सेप्ट, 2020 च्या ऑटो एक्स्पोत तीच एचबीएक्स नावाने आणि 2021 च्या ऑक्टोबरात विकायला आली ती पंच. कॉन्सेप्टची रुंदी 1822 मिमी होती, पंचची 1742. गेले किती तर 80 मिमी, माझी मूठ आडवी धरली तर तेवढीच, पण अर्धा रुबाब त्या मुठीतच होता ना, कारण लांबी टॅक्ससाठी चार मीटरच्या आतच ठेवायची म्हटल्यावर गाडी दणकट दिसायला उरतं काय, तर रुंदी आणि मोठी चाकं. शोमधल्या गाडीला खड्डाही नसतो आणि मायलेजही कोण विचारत नाही.

आता आमच्या वाडीत या. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, समोरून रिक्षा. ती मूठ गेली ते बरंच झालं!

खालचं काळं क्लॅडिंग, म्हणजे दारांखाली आणि चाकांभोवतीची प्लास्टिकची पट्टी, बघून लोक नाकं मुरडतात, पण माझ्या मते सगळ्या डिझाइनमधे तेच शहाणपणाचं आहे. गडग्याला पत्रा घासला की पुट्टी, प्रायमर, रंग, गाडी दोन-तीन दिवस माझ्याकडे, आणि चरा तसाच ठेवलात तर खाऱ्या हवेत एका पावसात तिथला रंग फुगून गंज बाहेर येतो. प्लास्टिकला गंजच नाही, चरा पडला तर पडला.

आरशाच्या जागी कॅमेरे वगैरे गळालं ते ठीकच. पण वर बारीक डीआरएल, म्हणजे दिवसा लागणारे दिवे, आणि हेडलाइट खाली बंपरजवळ, हे मात्र कॉन्सेप्टमधून जसंच्या तसं आलं, आणि मला नेमकं तेच खटकतं. दिसतं झकास, पण पावसाळ्यात लाल चिखल आधी तिथेच, आणि बंपरला जरा जोरात बसलं की दिवाही बदला.

पुढच्या वेळी कॉन्सेप्ट बघाल तेव्हा चाकं आणि आतल्या पांढऱ्या सीटा सोडून द्या, खिडकीखालची रेघ आणि छताचा उतार बघा, ते बहुतेक टिकतं. टाटाचीच नेक्सॉन 2014 ला दाखवली आणि 2017 ला आली, तरी मागचा उतार लगेच ओळखू येतो. फक्त मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरणार असाल तर त्या उताराखाली वरच्या थराला किती जागा उरते ते आधी टेप लावून बघा.