कुणी काच ठोठावली तर

अगं,

तुझी यादी वाचली. टायरच्या चेन, ओढायचा दोर, फावडं, हवा भरायचा पंप, थर्मास, ऑक्सिजनचे डबे, आईच्या गोळ्या, बाबांच्या गोळ्या, भाच्याच्या रंगपेट्या. मनाली ते लेह, मे अखेर, घरची गाडी आणि चालवणार तू. यादी चांगली आहे. मला बोलायचंय ते खालच्या तारखांबद्दल. मनालीत एक रात्र, वाटेतल्या जिस्पा गावाला एक, तिथून एका दमात लेह. लेहच्या हॉटेलचे पैसे भरून झालेत, परतीचा दिवसही ठरलाय. या आखणीत बर्फाला तू कुठे जागाच ठेवलेली नाहीस. आणि रस्त्यात कुणी भेटून म्हणालं की ‘आज पुढे जाऊ नका’, तर त्याचं ऐकायलाही नाही.

पण आधी गाडीचं. तू विचारलंयस तेवढं भराभर सांगून टाकतो.

चेन इंजिन ज्या चाकांना ओढतं त्यांना बांधायच्या, म्हणजे तुझ्या गाडीत पुढच्या. घरी सोसायटीच्या आवारात एकदा बांधून आणि सोडून बघ. गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदाच शिकायची ती गोष्ट नव्हे. बांधल्यावर हळू चालवायचं आणि कोरडा डांबरी रस्ता लागला की लगेच काढायच्या. डिझेल टांडीला, जिथे चंद्रा आणि भागा या नद्या एकत्र येतात तिथल्या पंपावर, टाकी गच्च भरून घे. ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही तिथली पाटी फोटोसाठी प्रसिद्ध आहे, पण ती गमतीत घेऊ नकोस. कडक थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणून तर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. मे अखेर तुला त्याची गरज पडू नये. रात्री मात्र हँडब्रेकच्या भरवशावर गाडी सोडू नकोस, ओला ब्रेक गोठून बसतो. गिअरमध्ये ठेव आणि चाकांमागे दगड लाव.

वेळेचं गणित जरा विचित्र आहे. दुपारी ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि रस्ता ओलांडणारे नाले फुगतात. सकाळी ज्यातून मुलंही पाय भिजवत जातील, त्यातून तीन वाजता गाडी न्यायची हिंमत होत नाही. म्हणून सगळे सांगतात, पहाटे निघा. पण तेच पाणी रात्री डांबरावर पसरून गोठलेलं असतं, आणि पहाटे त्याचा पातळ काचेसारखा थर दिसतच नाही. तिकडचे ड्रायव्हर त्याला ब्लॅक आइस म्हणतात. रस्ता नुसता ओला, काळसर दिसतो. तिथे ब्रेक दाबलास की गाडी तुझी राहत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्याच जोरावर उतरायचं, स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही. सावलीतली वळणं जास्त वाईट.

आणि एक गोष्ट थोडी कठोरपणे सांगतो, कारण गाडीत लहान मूल असेल. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फाच्या वादळात हजारो गाड्या अडकल्या. वीसपेक्षा जास्त माणसं गाडीतच गेली. त्यातल्या अनेकांबाबत संशय कार्बन मोनॉक्साइडचा होता. मागचा धुरांडा, म्हणजे सायलेन्सरची नळी, बर्फात गाडला गेला आणि इंजिन चालू राहिलं की हा वायू आत येतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, नुसती झोप येते. अडकलीस तर हीटर थोडा वेळ लाव, पण आधी उतरून धुरांड्याभोवतीचा बर्फ काढ, आणि एक काच बोटभर उघडी ठेव. थंडी वाजली तरी चालेल.

ऑक्सिजनच्या डब्यांवर फार विसंबू नकोस. काही मिनिटांचा दिलासा असतो तो. उंचीचा त्रास सुरू झाला तर खरं औषध एकच, खाली येणं. मनाली साधारण दोन हजार मीटरवर आहे आणि वाटेतली बारालाचा खिंड जवळपास ४,९०० वर. म्हणजे पुन्हा तेच: कुणी तरी ‘खाली जा’ म्हणणार, आणि तुझ्या तारखांमध्ये खाली जायला सवड नाही.

आम्ही गेलो होतो तेव्हा अटल बोगदा झालेला नव्हता, रोहतांग खिंड चढूनच पलीकडे जावं लागे. माझी आई, बायको, लेक आणि मी. दारचा गावच्या चौकीवर नोंद करून बारालाचाकडे चढत होतो. दोन्ही बाजूंना बीआरओच्या, म्हणजे सीमा रस्ते संघटनेच्या, मशीनांनी कापलेल्या बर्फाच्या भिंती, गाडीपेक्षा उंच. लेक खूश, आई गप्प. तिचं डोकं दुखत होतं, पण आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून ती बोलत नव्हती. (तुझे बाबा हेच करतील. त्यांना ‘कसं वाटतंय’ असं विचारू नकोस, ‘छान’ एवढंच उत्तर येईल. पाणी किती प्यायले, सकाळी काय खाल्लं, कपाळ जड आहे का, असं नेमकं विचार.) पुढे एका चढावर रांग थांबली, आम्हीही थांबलो, आणि रांग हलली तेव्हा आमची पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली. मागे ट्रकांची ओळ. एकाने हॉर्न दिला, मग सगळ्यांनीच.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. लगेच मागच्या ट्रकचा ड्रायव्हर, अंगात दोन स्वेटर, पायात प्लास्टिकच्या चपला. मी काच खाली केली. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. आधी वाकून चाकं पाहिली, मग मागच्या सीटवर आईकडे पाहिलं. क्लीनरला हाक मारून फावडं मागवलं, कडेची माती खरवडून चाकांपुढे आणि मागे टाकली, वर एक फाटकं पोतं अंथरलं. ‘‘ब्रेक मत मारना, बस,’’ एवढंच तो मला म्हणाला. मागच्या गाड्यांना हात करून त्याने जागा करायला लावली आणि मला हळूहळू मागे, जरा सपाट रुंद जागेवर आणलं. पुढे नेलं नाही, हे लक्षात घे. मला वाटत होतं आता तो वर ढकलून देईल.

मग त्याने आईला त्याच्या केबिनमध्ये बसवलं. तिथे स्टोव्ह होता, चहा झाला, आणि चहा पिता पिता तो मला म्हणाला, ‘‘आज मत जाओ. माताजी को नीचे सुलाओ.’’ मी हॉटेलचं सांगितलं, तारखांचं सांगितलं. त्याने वाद घातला नाही. परत तेच वाक्य म्हणाला.

आम्ही मागे फिरलो आणि केलाँगला उतरलो. उतरतानाच आईचं डोकं हलकं झालं.

निघण्याआधी मी खिशात हात घातला तेव्हा तो हसला आणि मान हलवली. मग जरा थांबून म्हणाला, पैसे नकोत, एक फोन कराल का? पुढे दोन दिवस त्याला नेटवर्क मिळणार नव्हतं. बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, कागदाचा कोपरा फाडून त्याने घरचा नंबर लिहून दिला. केलाँगहून मी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. मी सांगितलं, तुमचा माणूस ठीक आहे, आज घाट चढतोय. ती म्हणाली, ‘‘खाना खाया था उसने?’’ मला सांगता येईना. आम्ही तर त्याचाच चहा पिऊन आलो होतो.

हे तुला लिहायचं कारण असं, की आपण मदतीची कल्पना करतो ती दोर बांधून पुढे ओढून नेणाऱ्या माणसाची. डोंगरातली माणसं बहुतेक वेळा मागे वळवतात. ही मदत घ्यायला फार जड जातं, कारण ती आपल्या बेतावर पाणी ओतते आणि समोरच्याचा त्यात काही फायदाही दिसत नाही. माती टाकली त्याचे मी आभार मानले तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. मागे फिरायला मात्र मला तो पूर्ण कप संपवावा लागला.

लाहौलच्या, म्हणजे रोहतांगपलीकडच्या खोऱ्यातल्या, लोकांना हे असं वागणं नवं नाही. बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये उघडला. त्याआधी ३,९७८ मीटरवरचा रोहतांग बर्फाने बंद झाला की जवळपास अर्धं वर्ष ते खोरं तुटलेलं असायचं. तरीही माणसं आजारी पडत, कुणाची परीक्षा असे, आणि लोक बर्फातून पायी खिंड ओलांडत. त्यांच्यासाठी अलीकडे मढीला आणि पलीकडे कोकसरला बचाव चौक्या बसवल्या जात. जिथे शेजारी गाव गाठायलाही सोबत लागते, तिथे वाटेवरच्या माणसाची चौकशी करणं ही चांगुलपणाची खास गोष्ट राहत नाही, ती रीत होते. स्पितीच्या वाटेवर बातलला चाचा-चाचींचा ढाबा आहे. बर्फात अडकलेल्यांना त्यांनी किती वेळा आसरा दिला, हे तिकडे जाणारा प्रत्येक जण सांगेल. आणि बर्फ म्हणजे फक्त हिवाळा असंही समजू नकोस. २०२३ मध्ये ऐन जुलैत चंद्रताल तळ्यापाशी सुमारे ३०० पर्यटक अडकले होते.

आता तुझ्या आईचा प्रश्न, जो तू तिच्या नावाने विचारलायस पण तुझाही असणार: अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा कसा? डोळे झाकून तर नाहीच. दारच्याला नोंद नीट कर, नेटवर्क जायच्या आधी घरी ठिकाण कळव, समोरच्या गाडीचा नंबर लिहून घे आणि तो लिहिताना लपवू नकोस, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. कुटुंब वेगवेगळ्या गाड्यांत विभागू नकोस. आईला मी ट्रकमध्ये बसवलं ते माझ्या डोळ्यांसमोर, दहा पावलांवर. आणि तो माणूस आधी काय पाहतो ते बघ. चाकं आणि म्हातारं माणूस पाहणारा मदतीला आलेला असतो. ‘कुठून आलात, कुठे उतरलात, सोबत कोण आहे’ यापासून सुरुवात करणाऱ्याला काचेतूनच नमस्कार कर आणि मागच्या गाडीची वाट बघ. त्या रस्त्यावर मागची गाडी येते.

बायका चालवत असल्या की सल्ले जरा जास्तच मिळतात, ते तुला माहीत आहे. त्यातले निम्मे फुकटचे असतील. पण प्लास्टिकच्या चपला घातलेला ड्रायव्हर रस्त्याबद्दल काही सांगत असेल, तर तो बोलण्याच्या सुरात चुकला तरी ऐक.

पैशांचं म्हणशील, तर माझं मत स्पष्ट आहे. ज्याचा तो धंदा आहे, म्हणजे गाडी ओढणारा जीपवाला, पंक्चरवाला, रात्री दोन वाजता तंबूत अंथरूण देणारी बाई, त्यांना मागतील ते द्यायचं. घासाघीस करायची नाही आणि नंतर ‘लुटलं’ म्हणून घरी सांगत फिरायचंही नाही. तिथे सिलिंडर पोचवायलाही तोच रस्ता आहे. पण जो आपलं काम सोडून थांबला, त्याच्या हातात घाईने नोट कोंबू नकोस. आधी विचार, तुम्हाला काही हवंय का. एखाद्याला फोन करायचा असेल, एखाद्याला डोकेदुखीची गोळी हवी असेल, एखाद्याला पुढच्या वळणावर थांबलेल्या भावाला निरोप द्यायचा असेल. आपल्याकडे देण्यासारखं काय आहे ते त्यालाच ठाऊक असतं.

तुझ्याकडूनही काही निघायला हवं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नुसता शिष्टाचार नाही, आपल्याकडचा नियम आहे, कारण भरलेला ट्रक चढावर थांबला की पुन्हा निघणं त्याला फार अवघड जातं. बर्फाच्या भिंतींपाशी फोटो काढायचा तर गाडी वळणावर उभी करू नकोस. जास्तीचा एक दोर आणि एक थर्मास दुसऱ्यांसाठीच आहे असं धर. भाच्याला हे सगळं समजावत बसू नकोस, तो बघेल.

तर तारखा. मनालीत दोन रात्री कर, जिस्पा किंवा केलाँगला दोन. वाटेत एक दिवस कोरा सोड, त्या रात्रीचं काहीही बुक करू नकोस. लेहच्या हॉटेलला आजच फोन करून तारीख तीन दिवस पुढे सरकवता येईल का ते विचार. नाही म्हणाले तर आगाऊ पैसे गेले असं समजून चाल, म्हणजे घाटात ते पैसे तुझ्याशी वाद घालायला येणार नाहीत.

आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. कुणा एकाचं तरी पोस्टपेड असू दे. घरी राहणाऱ्या आजीला निघण्याआधीच सांगून ठेव की दारच्यानंतर तुमचा फोन लागेलच असं नाही. आणि अनोळखी नंबरवरून कुणी तिला फोन केला तर तिने उचलायचा, हेही सांग.

तुझा,
काका